छातीतली जळजळ, रोजची गोळी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

एन्डोस्कोपी करून आलं की हातात एक कागद पडतो. रंगीत फोटोंखाली दोन-तीन ओळी असतात: 'लॅक्स एलईएस', 'स्मॉल हायटस हर्निया', 'ग्रेड ए'. बाहेर रांग लागलेली असते, डॉक्टर घाईत सांगतात, "गोळ्या चालू ठेवा, नाहीच थांबलं तर दुर्बिणीने ऑपरेशन करून टाकू." रत्नागिरीहून किंवा कणकवलीहून गावी पोचेपर्यंत 'हर्निया' एवढंच डोक्यात घोळत राहतं. घरातलं कुणीतरी तोवर कोल्हापूर की मुंबई याची चर्चाही सुरू करतं.

शेजारच्याच घरात नेमकं उलट चालू असतं. वर्षानुवर्षं मेडिकलमधून गोळ्यांची पाकिटं येतात, आंबट पाणी रात्री घशाशी येऊन ठसका लागतो, बाई भिंतीला दोन उशा लावून बसल्या बसल्या झोपते आणि 'आमच्याकडे पित्ताची प्रकृतीच आहे' म्हणून विषय संपतो. याला वेगळा इलाज असू शकतो हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

दोन्ही घरांचं नुकसान होतंय, आणि ते टाळता येण्यासारखं आहे. त्यासाठी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते: गोळीचं काम वेगळं आणि शस्त्रक्रियेचं काम वेगळं. आपल्याला यांतलं कोणतं काम करून हवंय, हे तपासणीशिवाय कळत नाही.

आम्ल वर येतंच कसं?

घशापासून जठरापर्यंत साधारण 25 सेंटिमीटरची अन्ननलिका असते. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक आडवा पडदा आहे, श्वासपटल. त्यातल्या एका फटीतून अन्ननलिका पोटात उतरते. तिच्या खालच्या टोकाला तीन-चार सेंटिमीटर लांबीचं स्नायूंचं कडं असतं. रिपोर्टमधलं 'एलईएस' ते हेच. घास आला की हे कडं सैल होतं, घास गेला की आवळतं.

पेण-अलिबागकडे, खाडीकाठच्या खारजमिनीत ज्यांची भातशेती आहे, त्यांना उघाडी माहीत असते. बांधात बसवलेली झडप. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की ती मिटते, ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत निघून जातं. जठर ही खाडी आणि अन्ननलिका हे शेत समजा. झडप काम करते तोवर खारं पाणी शेतात शिरत नाही. पण झडप एकटी काही करू शकत नाही, तिला बांधाचा आधार लागतो. बांधालाच खांड पडली, झडप जागेवरून सरकली, तर चांगली झडपही निरुपयोगी होते. श्वासपटलातली फट रुंदावून जठराचा वरचा भाग छातीत सरकतो तेव्हा हेच होतं. त्याला हायटस हर्निया म्हणतात. जांघेतल्या हर्नियासारखा तो बाहेरून दिसत नाही, आणि लहानसा असेल, त्रास नसेल, तर त्याला हातही लावायचा नसतो.

जठरात आम्ल असणं हा आजार नाही. अन्न पचवायला आणि जंतू मारायला ते हवंच. जठराला आतून आम्लापासून वाचवणारं अस्तर आहे, तसं अन्ननलिकेला नाही, म्हणून वर आलेलं आम्ल तिला भाजतं. थोडंफार आम्ल जेवणानंतर सगळ्यांचंच वर येतं. ते वारंवार यायला लागलं, त्रास द्यायला लागलं किंवा अन्ननलिकेला जखमा करायला लागलं की त्याला आजार म्हणायचं. पोटाचा घेर, गरोदरपण, तंबाखू आणि मिश्री, दारू, तळणीचं भरपेट जेवण, जेवल्याबरोबर आडवं होणं, ही सगळी ते वाढवणारी कारणं. कोकमाबद्दल नेहमी विचारलं जातं. कोकम मुळात आंबट आहे. सोलकढीने तुम्हाला बरं वाटत असेल तर खुशाल प्या, जळजळ वाढत असेल तर सोडा. त्याने झडप दुरुस्त होत नाही आणि बिघडतही नाही.

आणि एक सूचना इथेच, कारण ती जिवाशी निगडित आहे. छातीतली जळजळ नेहमी आम्लाचीच असते असं नाही. चालताना किंवा चढण चढताना छातीत दडपण येत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर सोडा-लिंबू पीत बसू नका. आधी ईसीजी काढून घ्या.

गोळी काय करते आणि काय करत नाही

ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल या एकाच गटातल्या गोळ्या आहेत. जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात, ते या गोळ्या बंद पाडतात. 1980च्या दशकाच्या अखेरीस यातली पहिली, ओमेप्रॅझोल, आली आणि जळजळीचा आणि जठरातल्या व्रणांचा इलाजच बदलून गेला. अन्ननलिकेतल्या जखमा भरायला या गोळ्या फार उपयोगी पडतात. त्या खाडीच्या पाण्याचा खारेपणा कमी करतात, पण पाणी शेतात शिरायचं ते शिरतंच. म्हणून पुष्कळांचं असं होतं की जळजळ थांबते, पण वाकलं की खाल्लेलं वर येतं, रात्री तोंडात पाणी येतं, खोकला सुटत नाही. गोळीची मर्यादा तिथे कळते.

गोळी घ्यायची पद्धतही चुकते, आणि फार जणांची चुकते. ती जेवणाआधी साधारण अर्धा तास, रिकाम्या पोटी घ्यायची असते. जेवण होऊन, पोटात आग पडल्यावर घेतलेली गोळी निम्मं काम करते. मग 'गोळ्या लागू पडत नाहीत' असा शिक्का बसतो आणि शस्त्रक्रियेची भाषा सुरू होते.

या गोळ्यांनी किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात असे संदेश फोनवर फिरत असतात. त्यामागच्या बऱ्याच अभ्यासांत फक्त एवढंच दिसलं होतं की गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हे आजार जास्त आढळतात. गोळ्या घेणारे मुळातच जास्त आजारी असतात, हे त्यात वेगळं काढता येत नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत 17,598 जणांपैकी निम्म्यांना पॅन्टोप्रॅझोल आणि निम्म्यांना दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी सुमारे तीन वर्षं दिली. फरक स्पष्ट दिसला तो एकाच बाबतीत: आतड्याचे संसर्ग गोळीवाल्यांमध्ये थोडे जास्त होते. अनेक वर्षं गोळी चालू असेल तर बी-12 आणि मॅग्नेशियमवर लक्ष ठेवावं, कमीत कमी मात्रेवर राहावं. पण निव्वळ गोळीच्या भीतीने पोटाला भोकं पाडून घ्यावीत, असं त्या पुराव्यात काही नाही. गोळी एकदम बंद केली की काही दिवस आम्ल उसळून वाढतं. सवय लागली असं वाटतं ते त्यामुळे. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी.

सगळ्यात महत्त्वाचं: आधी सिद्ध करा

'लॅक्स एलईएस' ही ओळ आपल्याकडच्या रिपोर्टांत इतकी सर्रास लिहिलेली असते की ती नसलेला कागद शोधावा लागेल. दुर्बिणीतून बघताना झडप सैल वाटली, एवढाच तिचा अर्थ. तेवढ्यावर आजार सिद्ध होत नाही. 'ग्रेड ए'चंही तेच. अन्ननलिकेतल्या जखमांची ए ते डी अशी प्रतवारी असते. ए म्हणजे बारीक ओरखडे, आणि ते कसलाही त्रास नसलेल्या माणसांतही सापडतात. सी आणि डी असेल तर शंका उरत नाही, अलीकडचे निकष बीसुद्धा पुरेसा मानतात.

एन्डोस्कोपी साफ निघाली आणि त्रास मात्र खरा आहे, तर चोवीस तासांची आम्लमापन चाचणी लागते. तिची लोकांना उगीच धास्ती वाटते, म्हणून ती कशी असते ते सविस्तर सांगतो. नाकपुडी बधिर करून शेवयीएवढी बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात आणि गालाला चिकटपट्टीने लावतात. कमरेला लहानसं यंत्र असतं. घरी किंवा लॉजवर जायचं, नेहमीसारखं जेवायचं. रोज बांगड्याचं तिखलं खात असाल तर तेच खायचं, त्या दिवशी मुद्दाम पेज पिऊन राहिलात तर चाचणीच फसते. जळजळ झाली की यंत्रावरचं बटण दाबायचं, जेवणाची आणि आडवं होण्याची वेळ लिहून ठेवायची. दुसऱ्या दिवशी नळी काढतात. दिवसभरातल्या एकूण वेळेपैकी 4 टक्क्यांपेक्षा कमी वेळ अन्ननलिकेत आम्ल असेल तर ते सामान्य, 6 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर आजार पक्का, आणि मधल्या पट्ट्यात बाकीची लक्षणं बघून ठरवायचं.

दुसरी चाचणी मॅनोमेट्री. अन्ननलिकेचे स्नायू घास किती जोराने खाली ढकलतात, हे तिच्यात मोजतात. ही का हवी? अकॅलेशिया नावाच्या आजारात झडप उघडतच नाही, अन्न वरच साचतं, कुजतं आणि जळजळही होते. त्या माणसाची झडप आणखी आवळली तर त्याचं जेवणच बंद पडेल. या चाचण्या तालुक्याच्या ठिकाणी सहसा होत नाहीत. मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याला जावं लागतं. खेप पडते हे खरं. पण आम्लमापन आणि मॅनोमेट्री यांचं नावही न काढता कुणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय टेबलावर झोपू नका, असं मी कळकळीने सांगेन.

हा माझा आग्रह हवेतला नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. गोळीने जळजळ जात नाही अशी तक्रार असलेले 366 जण त्यात आले होते. गोळी नीट, वेळेवर द्यायला लागल्यावर 42 जणांना बरं वाटलं. 99 जणांच्या तपासण्यांत आम्लाशी संबंध असलेलं काहीच निघालं नाही. त्यांची अन्ननलिका नुसती अतिसंवेदनशील होती. अशी गळती होत होत उरले 78. त्यांचे तीन गट केले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 67 टक्के सुधारले, वेगवेगळी औषधं वाढवून दिलेल्यांपैकी 28 टक्के, आणि नुसत्या नेहमीच्या गोळीवर ठेवलेल्यांपैकी 12 टक्के. योग्य माणूस निवडला तर शस्त्रक्रिया किती कामाची आहे हे यातून दिसतं. तो माणूस हुडकायला किती गाळावं लागतं, तेही दिसतं.

शस्त्रक्रियेत करतात काय?

घशातून टाकतात ती तपासणीची दुर्बीण. ही दुसरी, पोटाच्या भिंतीतून आत जाणारी. ही शस्त्रक्रिया मूळची रुडॉल्फ निसेन या सर्जनची. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला 1955 मध्ये त्यांनी ती पोट उघडून केली. बेल्जियममध्ये बर्नार्ड डालमान्य यांनी 1991 मध्ये ती दुर्बिणीने केली. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीने पित्ताशय काढलं होतं. तंत्र आपल्याकडे रुळून तीन दशकं उलटली आहेत.

पूर्ण भूल देतात. पोटावर अर्धा ते एक सेंटिमीटरची चार-पाच भोकं पाडून कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवतात, म्हणजे काम करायला जागा होते. यकृताचा डावा भाग उचलून धरला की श्वासपटलातली फट दिसते. छातीत सरकलेलं जठर खाली ओढून घेतात. अन्ननलिकेचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग ताण न पडता पोटात राहील इतकी ती मोकळी करतात. मग फटीच्या दोन्ही कडा टाके घालून जवळ आणतात, खांड बुजवली. त्यानंतर जठराचा वरचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या मागून घेऊन तिच्याभोवती वेढतात आणि शिवतात. पूर्ण 360 अंशांचा वेढा असेल तर ती निसेन पद्धत, 270 अंशांचा अर्धवट वेढा असेल तर टूपे. जेवण झाल्यावर जठरातला दाब वाढला की वेढ्यातलाही वाढतो आणि अन्ननलिकेचं टोक मिटतं. भरतीच्या जोरानेच उघाडी बंद होते, तसंच हे. बाहेरचं काही बसवायचं नाही, आपलंच जठर वापरायचं. यातली हुशारी मला फार आवडते. फट खूपच मोठी असेल तर मात्र काही सर्जन जाळी वापरतात.

दीड-दोन तासांचं काम. एक ते तीन दिवसांत घरी सोडतात. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा दुखणं, जखम चिघळणं आणि टाक्यांच्या जागी हर्निया होणं कमी. पण भोकं लहान आहेत म्हणून शस्त्रक्रियाही लहान, असं समजू नका. आतलं काम तेवढंच मोठं असतं. अन्ननलिकेला, जठराला किंवा प्लीहेला इजा होण्याचा धोका थोडा असला तरी असतो. म्हणून हे काम नेहमी करणारा सर्जन बघावा. वर्षाला अशा किती करता, हे विचारायला संकोच नको.

घास अडकणार नाही ना? ढेकर येईल का?

सुरुवातीचे काही आठवडे आतून सूज असते, घास अडकल्यासारखा होतो. बहुतेकांचं हे सहा ते आठ आठवड्यांत ओसरतं. फार थोड्यांना नंतर फुगा घालून जागा रुंद करावी लागते, त्याहून थोड्यांना पुन्हा शस्त्रक्रिया.

ढेकराचं मात्र आधीच मनाशी ठरवून ठेवा. वेढा आम्ल अडवतो तशी हवाही अडवतो. पूर्ण वेढ्यानंतर काहींना ढेकर नीट येत नाही, उलटी करणं अवघड जातं, पोट फुगतं आणि वायू खालून जास्त सरतो. अर्धवट वेढ्यात हा त्रास कमी होतो, म्हणून बरेच सर्जन टूपेकडे वळले आहेत. सोडा पिण्याची, भरभर जेवण्याची सवय असलेल्याला हे जड जातं. रोज खाल्लेलं वर येण्यापुढे हा त्रास काहीच नाही असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ज्याला महिन्यातून दोनदा जळजळ होते, तो तसं म्हणणार नाही.

एकदा केली की कायमची सुटका?

नेहमीच नाही. स्वीडनमध्ये दुर्बिणीने ही शस्त्रक्रिया झालेल्या 2,655 जणांचा मागोवा घेतला, त्याचा निष्कर्ष 2017 मध्ये आला. 17.7 टक्के लोकांचा त्रास परत आला होता. त्यातल्या बहुतेकांना पुन्हा दीर्घकाळ गोळ्या सुरू कराव्या लागल्या, काहींची पुन्हा शस्त्रक्रिया झाली. म्हणजे पाचातल्या चारांहून जास्त लोकांना गुण टिकला.

ज्यांना गोळी चांगली लागू पडते, त्यांच्यात कोण वरचढ? युरोपातल्या एका चाचणीत अशाच रुग्णांना पाच वर्षं पाहिलं. इसोमेप्रॅझोलवरचे 92 टक्के आणि शस्त्रक्रिया झालेले 85 टक्के आटोक्यात होते. आंबट पाणी वर येण्याचा त्रास शस्त्रक्रियेच्या गटात कमी होता. गिळायला त्रास, पोट फुगणं हे मात्र त्याच गटात जास्त. तेव्हा गोळीने सगळं सुरळीत असेल, तर शस्त्रक्रिया ही निवड आहे, गरज नव्हे.

कॅन्सरची भीती घालून कुणी घाई करत असेल तर सावध राहा. वर्षानुवर्षं भाजलेल्या अन्ननलिकेचं अस्तर काहींमध्ये बदलतं, त्याला बॅरेट म्हणतात, आणि त्यातून पुढे कॅन्सर होण्याची थोडी शक्यता असते. पण शस्त्रक्रिया केल्याने गोळ्यांपेक्षा कॅन्सर जास्त टळतो असं सिद्ध झालेलं नाही. बॅरेट असेल तर शस्त्रक्रियेनंतरही ठरावीक काळाने एन्डोस्कोपी करावीच लागते. गिळताना अडकणं, वजन उतरणं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच, यातलं काही असेल तर गोळ्या-शस्त्रक्रियेचा वाद बाजूला ठेवून लगेच तपासणी.

रोबोट, चुंबक, तोंडातून होणारे उपाय

रोबोटने केली तरी आतली शस्त्रक्रिया तीच; खर्च वाढतो, गुण जास्त येतो असं दिसलेलं नाही. अन्ननलिकेभोवती चुंबकीय मण्यांचं कडं बसवण्याच्या पद्धतीला अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली. ती सगळीकडे मिळत नाही आणि पुढे एमआरआय करताना अडचण येऊ शकते. तोंडातून आत जाऊन, एकही छेद न घेता जठराची घडी घालण्याचीही सोय आहे, पण हर्निया दोन सेंटिमीटरपर्यंतच असेल तर. वजन खूप जास्त असेल तर आधी त्याचा विचार करावा. लठ्ठपणासाठी जठर निमुळतं करण्याची 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया मात्र जळजळ वाढवू शकते. अशांना जठराची बायपास शस्त्रक्रिया बरी.

कधी करावी आणि घरी आल्यावर काय?

ही शस्त्रक्रिया तातडीची नसते, तेव्हा वेळ आपण निवडू शकतो. नंतर चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही. जोर लावल्याने पोटातला दाब वाढतो आणि श्वासपटलाचे टाके ओढले जातात. बागेत काम करणाऱ्याने मार्च ते मे या हापूसच्या हंगामात, पेट्या उचलायच्या दिवसांत, हे काढू नये. बोटीवरच्या खलाशाला 1 जून ते 31 जुलै हा मासेमारीबंदीचा काळ सोयीचा. जूनच्या सुरुवातीला झाली तर बंदी उठेपर्यंत बहुधा विश्रांती पुरी होते. माडावर चढणाऱ्या पाडेल्याने तर सर्जनला आपलं काम नीट समजावून सांगावं आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय माडाला पाय लावू नये.

खाण्याचं वेळापत्रक पाळावंच लागतं. आधी पातळ पदार्थ, मग पेज, आटवल, मऊ भात आणि वरण. नंतर काटे नीट काढून शिजवलेला मासा. भाकरी, पाव, सुकं मटण, तळलेली तुकडी चार आठवडे तरी नको. कोरडा घास तिथेच अडतो. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा आणि सावकाश चावून. सोडा नको. मोठ्या गोळ्या फोडून चालतील का, हे विचारून घ्यावं, कारण सगळ्या गोळ्या फोडून चालत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची नेमकी शस्त्रक्रिया बसते का, हे अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

आणि परतीचा घाट. कोल्हापुरात शस्त्रक्रिया झाली की आंबा, करूळ किंवा फोंडा घाट उतरूनच यावं लागतं. पहिल्या दिवसांतल्या जोराच्या उलटीने टाके सुटू शकतात, वेढा वर सरकू शकतो. ज्याला गाडी लागते त्याने ते डॉक्टरांना आधीच सांगावं, उलटीची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी आणि एसटीच्या मागच्या बाकाऐवजी पुढच्या सीटवर बसावं. वाटेत किंवा घरी आल्यावर उमाळे थांबत नसतील, छातीत अचानक जोराचं दुखलं, ताप भरला, धाप लागली किंवा पाणीही उतरेना, तर गावातल्या इंजेक्शनवर वेळ न घालवता, ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना फोन करून त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं.